लेडी बी गुड, 1/72: कामाच्या नोंदी

12 जानेवारी 2025, रविवार

शेवटी डबा उघडला. चार वर्षं माळ्यावर पडून होता, बी-24डी लिबरेटर या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बाँबर विमानाचं प्लास्टिक मॉडेल, 1/72 म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, जुना साचा. पॅनेलच्या रेषा सगळ्या उठावाच्या, म्हणजे सँडिंग केलं की पुसल्या जाणार आणि परत एकेक ओढायला लागणार, ते माहीतच होतं. माहीत नव्हतं ते हे की पुढच्या चाकाचा पाय डब्यात नाहीच. स्प्रूवर (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला चिकटून येतात ती) जागा आहे, दोन्हीकडचे देठ आहेत, मधला पाय गायब. आता चार वर्षांनी कुणाच्या दुकानात जाऊन भांडणार.

मूळ बेत प्लोएश्तीच्या छाप्यातलं विमान करायचा होता (रोमानियातले तेल कारखाने, 1 ऑगस्ट 1943), चाकांवर उभं, छान गुलाबी लिबरेटर. पाय नाही म्हटल्यावर तासभर चिडचिड केली, चहा झाला, आणि मग डोक्यात आलं की एक लिबरेटर असं आहे ज्याला चाकं बाहेर काढायचीच नाहीयेत, आणि ते मूळ बेतातल्या विमानाच्याच 376 व्या बाँब ग्रुपचं आहे, रंगही तोच. लिबियाच्या वाळवंटात पोटावर बसलेलं. लेडी बी गुड, नंबर 41-24301, नाकावर मोठा 64.

ज्यांनी नाव ऐकलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात: 4 एप्रिल 1943 ला बेनगाझीच्या दक्षिणेला सोलुक नावाच्या तळावरून 25 लिबरेटर नेपल्सच्या बंदरावर निघाले, हे त्यातलं एक, आत 9 जण, सगळ्यांची एकत्र पहिलीच मोहीम. रात्री परत आलं नाही. समुद्रात पडलं असणार असं धरून समुद्रावर शोधलं, सापडलं नाही, विषय संपला. मग 1958 मध्ये तेल शोधणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या लोकांना हवेतून वाळवंटात एक विमान दिसलं, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, सोलुकपासून जवळजवळ 700. आत कोणी नाही. पॅराशूट पण नाहीत.

एवढ्यावर ते भुताटकी छाप व्हिडिओ बनतात, मागे ढॅण ढॅण म्युझिक लावून. मी पण पहिल्यांदा तिथूनच ऐकलं होतं हे खरंय.

मापं: पंख 110 फूट म्हणजे 33.5 मीटर, भागिले 72, साडेसेहेचाळीस सेंटीमीटर. टेबल 60 चं आहे. दिवा हलवायला लागेल.

19 जानेवारी, रविवार

कॉकपिट. किटमध्ये दोन पायलट येतात, खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेले, चेहरा म्हणजे नुसता गोळा. बाजूला काढून ठेवले. विमान जमिनीला टेकलं तेव्हा आत कोणीच नव्हतं, त्यामुळे खुर्च्या रिकाम्या. हे एक बरं झालं, मला माणसं रंगवता येत नाहीत.

पण नावं कागदावर लिहून दिव्याच्या स्टँडला चिकटवलीयेत. पायलट विल्यम हॅटन, को-पायलट रॉबर्ट टोनर, नॅव्हिगेटर डी. पी. हेज, बॉम्बार्डियर जॉन वोराव्का, फ्लाइट इंजिनिअर हॅरॉल्ड रिपस्लिंगर, रेडिओवर रॉबर्ट लामॉट, आणि गनर गाय शेली, व्हर्नन मूर, सॅम्युअल ॲडम्स. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, मिसुरी, ओहायो, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय. 18 मार्चला लिबियात पोचले, विमान 25 मार्चला स्क्वाड्रनला मिळालं, 4 एप्रिलला दोघांची गाठ. म्हणजे वाळवंटात येऊन त्यांना अडीच आठवडेसुद्धा झाले नव्हते, तिथली हवा, तिथली रात्र, वरून तिथली जमीन कशी दिसते, काहीच अंगवळणी पडायला वेळ मिळाला नव्हता. हे वाक्य मी नंतर बऱ्याचदा आठवणारे असं वाटतंय.

आत एक गोष्ट जास्तीची केली. 1959 मध्ये लोक विमानाजवळ पोचले तेव्हा रेडिओ चालू होत होता, मशीनगन चालत होत्या, आणि थर्मासमधला चहा (कोणी कॉफी म्हणतं) अजून प्यायच्या लायकीचा होता. तर स्प्रू मेणबत्तीवर ताणून साडेतीन मिलिमीटरचा थर्मास केला, हिरवा रंग दिला, आत मागे ठेवला. दोन्ही अर्धे भाग चिकटले की कुणाला कधी दिसणार नाही. आईने बघितलं, म्हणाली एवढंसं कुणासाठी करतोयस, आणि सोळा वर्षांचा चहा ऐकून तिने जे तोंड केलं ते बघण्यासारखं होतं.

2 फेब्रुवारी, रविवार

आज करवत. पूर्ण जोडलेलं, जोडाची रेघ घासून गुळगुळीत केलेलं फ्यूजलाज (विमानाचं धड) पंखाच्या मागे आडवं कापायचं. खरं विमान तिथेच मोडलं होतं, मागचा भाग शेपटीसकट वाकडा होऊन पडला होता. बोहरी आळीतून सोनाराची बारीक करवत आणली होती ती तीनदा तुटली, मग लक्षात आलं की मी जोर लावतोय. जोर न लावता नुसती पुढेमागे केली की प्लास्टिक आपोआप कापतं. वीस मिनिटांचं काम, दीड तास.

कापताना हेच डोक्यात की उरलेलं सगळं किती धड होतं. पंख जागेवर, दोन्ही उभ्या शेपट्या जागेवर, नाकाची काच बरीचशी. माणसं उड्या मारून गेल्यावर विमान आपलं आपण अजून 26 किलोमीटर उडालं आणि उतरत उतरत पोटावर बसलं. तिथली जमीन इतकी सपाट आहे की न चालवता बसलं. सांगायला कोणाला तरी हवं म्हणून आईला सांगितलं, ती म्हणाली मग त्यांनी आतच थांबायचं ना.

थांबायचं ना. हो. पण रात्रीचे दोन, पेट्रोल संपत आलेलं, खाली काळं, उंची किती उरलीये आणि खाली पाणी आहे का डोंगर हे काहीच माहीत नाही. मी पण उडी मारली असती.

15 फेब्रुवारी, शनिवार

पुट्टी, सँडिंग, पुट्टी, सँडिंग. घरात सगळीकडे पांढरी पूड. लिहिण्यासारखं काही नाही. डावा पंख आणि अंग यात एक मिलिमीटरची फट आहे जी साच्यातच आहे, तिच्यात आता अर्धी ट्यूब गेलीये.

27 फेब्रुवारी, गुरुवार

कामाचा दिवस नाही, पण तारीख दिसली म्हणून. 1959 मध्ये आजच्याच तारखेला तेलवाल्यांची सर्व्हेची गाडी पहिल्यांदा विमानाशी जाऊन पोचली. म्हणजे हवेतून दिसल्यावरसुद्धा मधे काही महिने गेले, कारण कोणाला घाई नव्हती, त्या भागात युद्धाचं भंगार ठिकठिकाणी पडलेलं. मग त्यांनी अमेरिकनांना कळवलं आणि त्रिपोलीजवळच्या व्हीलस तळावरून माणसं आली ती मे महिन्यात.

संध्याकाळी प्राइमरचा एक हात मारला. फट अजून दिसतेय.

9 मार्च, रविवार

प्रॉपेलर. चार इंजिनं, प्रॅट अँड व्हिटनी ट्विन वॅस्प, 14 सिलिंडरची, प्रत्येकी 1200 हॉर्सपॉवर. किटमधली इंजिनं बटणासारखी आहेत पण पुढून काउलिंगमध्ये (इंजिनाभोवतीचं गोल आवरण) बसल्यावर चालून जातात.

इथे एक बारकावा आहे जो मला आवडतो. तीन इंजिनांचे प्रॉपेलर फेदर केलेले होते, म्हणजे इंजिन बंद पडल्यावर पाती फिरवून वाऱ्याला धार दाखवायची, म्हणजे ती वाऱ्याला अडवत नाहीत आणि विमान जास्त लांब जातं. चौथं इंजिन मात्र जमिनीला लागेपर्यंत चालू होतं. म्हणजे मॉडेलमध्ये तीन प्रॉपेलरची पाती कडेवर उभी दिसली पाहिजेत आणि चौथ्याची नेहमीसारखी, वर जमिनीत आपटल्याने वाकलेली. किटची पाती सगळी नेहमीच्या कोनात एकसंध ओतलेली. म्हणून तीन प्रॉपेलरची नऊ पाती कापून, फिरवून, परत फेविक्विकने चिकटवली. नववं पातं उलटं चिकटलं. काढताना मोडलं. परत.

जो कोणी शेवटी कॉकपिटमधून उठला त्याने एकेक इंजिन बंद पडताना ते फेदर केलं होतं. हाताखालचं काम शेवटपर्यंत नीट केलेलं आहे. या एका गोष्टीमुळे मला ते व्हिडिओवाले जास्तच डोक्यात जातात.

त्यांचं आवडतं प्रकरण म्हणजे शाप: या विमानाचे सुटे भाग काढून दुसऱ्या विमानांना लावले आणि ती सगळी अडचणीत आली, एकाचे प्रॉपेलर बिघडले, एक समुद्रात उतरवावं लागलं, एक ऑटर (छोटं विमान) दहा माणसांसकट सिद्राच्या आखातात गेलं आणि किनाऱ्याला लागलं ते लेडीच्या खुर्चीचं हँडल. असेलही. ऑटर गेलं, दहा माणसं गेली हे खरं आहे आणि त्यांच्या घरच्यांसाठी ती काही मसाला घालायची गोष्ट नाहीये.

16 मार्च, रविवार

आज मॉडेलला हात लावला नाही, पण प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं काम झालं असं मी म्हणेन.

भाचा आलाय राहायला, सातवीत आहे. त्याने विचारलं, मामा पण ते एवढे चुकले कसे, कंपास नव्हता का? तोंडाने सांगून कळेना म्हणून कपाटातला आजोबांचा ट्रान्झिस्टर काढला. सेल घातले, आकाशवाणी पुणे 792 वर लावला, गच्चीत गेलो. त्याला म्हटलं रेडिओ आडवा धर आणि स्वतःभोवती हळूहळू गोल फिर. फिरताना एका जागी आवाज एकदम बारीक होतो, बातम्या खरखरीत बुडून जातात. तिथे थांब. आता स्टेशन कुठल्या दिशेला आहे ते कळलं? म्हणाला हो, या रेघेत. म्हटलं अजून फिर. अर्धी फेरी झाली आणि आवाज परत मेला.

मामा, हे तर दोन ठिकाणी होतंय.

तेच. आतल्या अँटेनाला रेघ कळते, रेघेवर पुढे का मागे ते कळत नाही. हॅटनचं विमान परत येताना एकटं पडलं होतं, त्याचं स्वतःचं दिशा दाखवणारं यंत्र चालत नव्हतं, ढग होते, रात्री 12 वाजून 12 मिनिटांनी त्याने रेडिओवरून दिशा मागितली. बेनगाझीजवळच्या बेनिनाच्या स्टेशनने अँटेना फिरवून त्याचा आवाज पकडला आणि सांगितलं, 330. म्हणजे स्टेशनपासून वायव्येला, समुद्राकडे. नेपल्सहून येणारं विमान समुद्रावरूनच येणार, त्यामुळे हे ऐकून कुणालाच खटकलं नाही. पण रेघेचं दुसरं टोक 150 आहे, आग्नेयेला, आत वाळवंटाकडे. आणि विमान तोवर तळ ओलांडून त्या बाजूला गेलेलं होतं. स्टेशनच्या अँटेनाला बाजू सांगायची सोय नव्हती. तर हॅटनला जे कळलं ते असं की तुम्ही अजून समुद्रावर आहात, तळ पुढे आहे, येत राहा. तो येत राहिला. दोन तास. तळावरून फ्लेअर उडवले ते त्यांना दिसले नाहीत.

भाचा बराच वेळ रेडिओ फिरवत बसला. मग म्हणाला, म्हणजे आकडा चुकीचा नव्हता. नव्हता ना. रेघ बरोबर होती.

त्याचे बाबा न्यायला आले तेव्हा त्यांनाही गच्चीत नेऊन गोल फिरवलं त्याने.

30 मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी श्रीखंड, त्यामुळे काम संध्याकाळी. बेस.

इथे एक गैरसमज काढायलाच हवा. या विमानाचे जितके डायोरामा (आजूबाजूच्या देखाव्यासकट केलेली मॉडेलं) बघितलेत त्यातले बरेचसे टेकाडांमध्ये, वाळूच्या लाटा, अर्धा पंख वाळूत गाडलेला. खरं विमान पडलं होतं ते सपाट मैदानात, बारीक खडे आणि घट्ट वाळू, नजर जाईल तिथपर्यंत काहीही नाही, झुडूप नाही, उंचवटा नाही. वाळूच्या टेकड्या, कलांशो सँड सी म्हणतात तो, उत्तरेला लांब आहे. हा फरक नुसता मॉडेलवाल्यांच्या हट्टाचा नाहीये. सपाट होतं म्हणून विमान धड बसलं, सपाट आणि घट्ट होतं म्हणून ती माणसं सुरुवातीला चालू शकली, आणि टेकड्या लागल्या तिथे संपलं.

साहित्य: पाडव्यासाठी आणलेल्या रांगोळीतली उरलेली अर्धी पिशवी, गेरू, थोडी चाळलेली माती, फेव्हिकॉल पाणी घालून पातळ केलेलं. 1/72 मध्ये साधी वाळू घातली तर एकेक कण नारळाएवढा वाटतो म्हणून रांगोळी, आणि तीसुद्धा मैद्याच्या चाळणीतून. चाळण कुठली घेतली ते आईला सणाच्या दिवशीच कळलं. उद्या नवीन आणून द्यायचीये.

विमानाखाली पोटाचा भाग चार मिलिमीटर घासून काढला म्हणजे ते बसलेलं वाटेल, वर ठेवलेलं वाटणार नाही. मागचा तुकडा वाकडा करून टेकवला. पहिल्यांदाच ते मॉडेल न वाटता काहीतरी वाटलं.

4 एप्रिल, शुक्रवार

ऑफिसवरून येऊन रंग. गुलाबीसर वाळूचा रंग वरून, खाली करडा. नेहमी नवा रंग जुना दाखवायला मेहनत घेतो, इथे उलटं, वाळवंटात सोळा वर्षं राहूनही ते इतकं कमी बिघडलं की वेदरिंग आवरून धरायला लागतंय. वरच्या बाजूला ऊन खाऊन फिकट, बाकी जवळजवळ तसंच. पाऊस नाही, दमट नाही, गंजायला काही कारणच नाही. आपल्याकडे गच्चीतली टाकी चार पावसाळ्यात सडते.

64 चा डेकल (मॉडेलवर चिकटवायचं छापील चित्र) घरी प्रिंट केला, नाव उजव्या बाजूला हाताने लिहिलं 000 च्या ब्रशने. 'गुड' मधला शेवटचा डी जरा जाड झाला. राहू दे.

ब्रश धुताना वेळ बघितली, साडेसात. त्या दिवशी दुपारी वाळूच्या वादळात उड्डाण झालं होतं. 25 विमानांचे दोन गट, हे दुसऱ्या गटातलं, 13 पैकी. इंजिनात वाळू जाऊन नऊ परत फिरली, चार उरली. पावणेआठच्या सुमारास नेपल्सपाशी, तोवर अंधार, काही दिसेना. दोघांनी परतीच्या वाटेवर दुसऱ्या लक्ष्यावर बाँब टाकले, दोघांनी समुद्रात सोडून दिले. लेडी त्या शेवटच्या दोघांपैकी. म्हणजे पूर्ण मोहिमेत या विमानाने शत्रूचं काही नुकसान केलं नाही आणि शत्रूने याचं काही केलं नाही.

12 एप्रिल, शनिवार, हनुमान जयंती

हा आठवडा मॉडेलला वार्निशचा एक हात सोडून काही केलं नाही. रोज रात्री एक दिवस वाचला. टोनरच्या खिशात डायरी सापडली होती, पेन्सिलीने चार-पाच ओळी रोजच्या, 4 एप्रिलपासून 12 पर्यंत. ओळी इथे उतरवत नाही, त्यात काय होतं तेवढं माझ्या शब्दात.

उड्या मारल्यावर आठ जण अंधारात एकमेकांना शोधून एकत्र आले. जॉन, म्हणजे वोराव्का, सापडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी वायव्येला चालायला लागले कारण त्यांच्या हिशोबाने तळ जवळच असणार. पाणी आठ जणांत मिळून अर्धं कँटीन, म्हणजे सैनिकांची पाण्याची बाटली. ते कँटीन म्हणजे जेमतेम एक लिटरचं, म्हणजे अर्धा लिटरसुद्धा नाही. रोज प्रत्येकी एक टोपण. दुपारी उन्हात पडून राहायचं, रात्री थंडी इतकी की झोप नाही, 35 फॅरेनहाइट, आपले दीड-दोन अंश. पंधरा मिनिटं चालायचं, पाच मिनिटं थांबायचं. वाटेत बूट बाणासारखे मांडून ठेवले, पॅराशूटच्या पट्ट्या दगडांखाली दाबून खुणा केल्या, मागून शोधायला येणाऱ्यांसाठी. पाचव्या दिवशी टेकड्या लागल्या. लामॉटला दिसेनासं झालं, बाकीच्यांचे डोळे पण जवळजवळ गेलेले. शुक्रवारी शेली, रिपस्लिंगर आणि मूर पुढे मदत आणायला गेले, पाच जण तिथेच राहिले कारण त्यांना उभंच राहता येत नव्हतं. शनिवारी त्यांना दोन पक्षी दिसले, ते त्याने लिहिलंय. सोमवारी 12 तारखेला एक छोटी ओळ, मदत नाही, रात्र फार थंड, आणि नंतर कोरं.

मला राहून राहून त्या पक्ष्यांचं वाटतं. इतकं सगळं होत असताना तो माणूस वर बघून दोन पक्षी मोजतोय आणि डोळे तर म्हणे गेलेत.

त्यांनी उलटी, आग्नेयेची वाट धरली असती तर 26 किलोमीटरवर विमान होतं. पाणी, खाणं, चालणारा रेडिओ. पण विमान कुठे पडलं हे त्यांना माहीत नव्हतं आणि आपण किती आत आहोत हेही नाही. समुद्र आणि तळ वायव्येला आहेत हे मात्र बरोबर माहीत होतं, आणि ते अगदी बरोबर त्याच दिशेला चालत होते, फक्त तळ सातशे किलोमीटरवर होता. त्या काळी हिशोब असा होता की इतक्या पाण्यावर माणूस चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे जाऊच शकत नाही. ते पाच जण जिथे सापडले ते उडी मारल्या जागेपासून साधारण 130 वर.

आईला पाण्याचं सांगितलं. ती काही बोलली नाही. नंतर बघितलं तर तिने गच्चीतलं पक्ष्यांचं भांडं दुपारीच भरलेलं असूनही परत भरलं होतं, पण ते ती उन्हाळ्यात रोजच करते.

20 एप्रिल, रविवार

मॉडेल झालं. लाकडी पट्टीवर लावायची पाटी टाइप केली: विमानाचा नंबर, तळ, तारीख, नऊ नावं. नावांपुढे सापडल्याची तारीख. हॅटन, टोनर, हेज, लामॉट, ॲडम्स, फेब्रुवारी 1960. शेली आणि रिपस्लिंगर, मे 1960, दोघं पाच जणांपासून अजून तीस किलोमीटरच्या पुढे गेलेले, टेकड्यांमधून. वोराव्का, ऑगस्ट 1960, पॅराशूट नीट उघडलंच नव्हतं, तो पहिल्याच रात्री गेला, आणि त्याच्याजवळचं कँटीन पाऊण भरलेलं होतं. म्हणजे बाकी आठ जणांकडे मिळून होतं त्यापेक्षा जास्त. मूरच्या नावापुढे रेघ.

मित्राने फोटो बघून लिहिलं की भारी झालंय पण रिकामं वाटतंय, दोन-चार माणसं टाक ना, लांबून चालत जाताना वगैरे. मी उत्तर टाइप करत होतो की ती त्या जागी नव्हतीच, ती उत्तरेला होती, आणि मग सहज कॅल्क्युलेटर घेतला. 26 किलोमीटर भागिले 72. तीनशे साठ मीटर. म्हणजे माझ्या टेबलावर विमान असेल तर ते उतरले ती जागा टेबलावर मावणार नाही, घरातही मावणार नाही. 130 भागिले 72, एक किलोमीटर आठशे. सातशे भागिले 72, नऊ किलोमीटर सातशे.

फोनवर नकाशा काढला, पुण्यातल्या आमच्या घरापासून, म्हणजे पेरूगेटपासून, वायव्येला रेघ ओढली.

27 एप्रिल, रविवार

भाचा आणि मी, सकाळी साडेसहाला निघालो, कारण आठनंतर ऊन सोसवत नाही (हे लिहिताना जरा लाज वाटतेय). त्याच्याकडे पाण्याची बाटली, माझ्याकडे फोन.

लक्ष्मी रोड ओलांडून नारायण पेठेत शिरलो तिथे तीनशे साठ मीटर झाले. भाचा म्हणाला इथे आठ जण भेटले. दूधवाल्याच्या टेंपोजवळ उभे होतो आम्ही. वोराव्का इथेच कुठेतरी, त्यांच्या हाकेच्या बाहेर.

नदी, पूल, डेक्कन, मग फर्ग्युसन रस्ता. रस्ते काही सरळ रेघेत जात नाहीत त्यामुळे फोनवरची रेघ एकीकडे आणि आम्ही एकीकडे, सारखं अंदाजाने. कॉलेजच्या टेकडीच्या बाजूने मॉडेल कॉलनीच्या अलीकडे पोचलो तेव्हा घरापासून सव्वादोन किलोमीटर दाखवत होतं. इथे पाच जण. एका बंगल्याच्या कंपाउंडला टेकून आम्ही पाणी प्यायलो. भाच्याने बाटलीचं झाकण काढलं, त्यात पाणी ओतलं, बघितलं किती मावतं, प्यायला. मग परत एकदा ओतलं आणि आठात भागायला लागला, मी म्हटलं नाही रे, एक टोपण एकाला, पण दिवसभराचं. मग तो गप्प.

शेली आणि रिपस्लिंगर सापडले ती जागा अजून साडेचारशे मीटर पुढे येते, तिकडे पण गेलो. तिथे एक चहाची टपरी आहे, उघडत होती.

आणि तळ कुठे, मामा?

नकाशा दाखवला. पिंपळे निळख.

तो बराच वेळ बोटाने नकाशा सरकवत राहिला, मग म्हणाला आपण अजून अर्ध्यात पण नाही आलो. म्हटलं पाव पण नाही बहुतेक, जरा जास्त. चालत जायचं का म्हणाला. नको, ऊन झालंय, आई वाट बघत असेल. परत येताना बस केली.